खाज हातावर, बिघाड मानेत

मी निवृत्त फौजी, सिग्नल्समधला. सध्या मुक्काम नोएडा. आज खाजेबद्दल बोलणार आहे. हसू नका. चारचौघांत हा शब्द उच्चारायची लाज वाटते, म्हणूनच बोलतोय.

चार वर्षांपूर्वी इथल्या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही हातांना, कोपराच्या आसपास, खाज सुटली. पुरळ नाही, चट्टा नाही. रात्री खाजवून खाजवून रक्त यायचं, सकाळी बायको चादर बदलायची. एका औषधवाल्यानं मलम दिलं. त्यात स्टेरॉइड आहे हे नंतर कळलं. वर्षभर चोळलं. कातडी पातळ झाली, खाज जागच्या जागी.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कशानं बरं वाटतं?" म्हटलं, "फक्त बर्फानं." त्यांनी मानेचा एमआरआय करायला सांगितला. मी चक्रावलो. पण मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याजवळ नस दबलेली निघाली. या दुखण्याला ब्रॅकिओरेडियल प्रुरायटस म्हणतात. उन्हानं ते चाळवतं, बर्फानं शमतं.

सिग्नल्समध्ये आम्ही पहिल्या दिवशी शिकतो, फोन उगाच वाजत असेल तर फोन खोलून बसू नका. लाइन तपासा, एक्सचेंज तपासा. मी वर्षभर फोनच पुसत बसलो होतो.

शरीराचं एक्सचेंज म्हणजे मज्जारज्जू. कातडीतल्या नसा तिथे निरोप देतात, तिथून तो मेंदूकडे जातो. खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असा पूर्वी समज होता. २००७ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झोउ-फेंग चेन यांच्या गटाला उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेचा निरोप स्वीकारणारं जीआरपीआर हे प्रथिन सापडलं. २००९ मध्ये त्यांनी ते प्रथिन असलेल्या पेशीच नष्ट केल्या. उंदरांचं खाजवणं जवळजवळ थांबलं, वेदना मात्र पूर्वीसारखीच जाणवत राहिली. म्हणजे खाजेची लाइन वेगळी.

या एक्सचेंजमध्ये पहारेकरी पेशीही असतात. खाजवलं की थोडं दुखतं, त्या दुखण्यानं पहारेकरी सावध होतात आणि खाजेचा निरोप अडवतात. म्हणून घटकाभर बरं वाटतं. २०१० साली दिसलं, की असे पहारेकरी नसलेले उंदीर स्वतःला जखमा होईपर्यंत खाजवतात. नस दुखावली, पहारा ढिला पडला, की शत्रू नसताना गजर वाजत राहतो.

हे ऐकलं त्या दिवशी आई आठवली. तिला कपाळावर नागीण झाली होती. फोड सुकले, खाज थांबेना. सुट्टीवर आलो की मी चिडायचो, "आई, आता तिथे काही नाहीये. तुला सवय लागलीय." ती गुपचूप हात पदराखाली घ्यायची. नागीण नसाच जायबंदी करून जाते. आईची खाज खरी होती. माफी मागायची राहून गेली.

मला आता नसांवरचं औषध आणि मानेचे व्यायाम चालू आहेत. खाज पूर्ण गेलेली नाही, पण झोप लागते.

सहा आठवड्यांहून जास्त खाज राहिली तर डॉक्टरांना दाखवा. कारण कातडीत असेल, नसांत असेल, कधी मूत्रपिंडात किंवा यकृतातही असेल. विचारल्याशिवाय मलम चोळू नका. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस खाजवत असेल, तर "काही नाहीये" म्हणू नका. "कधीपासून होतंय?" एवढं विचारा.

जय हिंद.