सोयाबीन सोडायचं, की गोळीची वेळ पाळायची?

छत्रपती संभाजीनगरहून मी बोलतेय. थायरॉइड कमी असल्याने माझी स्वतःची रोजची गोळी चालू आहे, त्यामुळे आजचा प्रश्न माझ्याही घरचा आहे : थायरॉइड कमी असेल तर सोयाबीन सोडायचं का?

आपल्या मराठवाड्यात लातूर, नांदेड, हिंगोली, कुठेही जा, पावसाळ्यात शिवार सोयाबीनचं. आपण गव्हात थोडं सोयाबीन टाकून दळून आणतो, सोयावडीची भाजी करतो. १०० ग्रॅम कोरड्या सोयावडीत साधारण ५० ग्रॅम प्रथिनं असतात. शाकाहारी घरात इतकं स्वस्त प्रथिन दुसरं कुठलं? म्हणून नुसतं "सोडून द्या" म्हणणं मला पटत नाही.

आता भीती कुठून आली ते बघू. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन असतात. थायरॉइडचं संप्रेरक बनवणाऱ्या एन्झाइमला ते अडवू शकतात. पण शरीरात आयोडीन पुरेसं असेल, तर निरोगी माणसात याचा परिणाम फारसा दिसत नाही. म्हणून मीठ आयोडीनयुक्तच घ्या, आणि डबा झाकून ठेवा.

सांभाळायचं कोणी? ज्यांचा टीएसएच सीमारेषेवर आहे, त्यांनी. २०११ साली ब्रिटनमध्ये अशा ६० रुग्णांचा अभ्यास झाला. रोज १६ मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन घेताना त्यातल्या ६ जणांचा आजार पुढच्या टप्प्यात गेला. अभ्यास छोटा आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आणि गोळी चालू असेल तर? तिथे खरा घोळ वेळेचा. पोटात सोयाबीन असलं की लेव्होथायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. मग गोळी घेऊनही थकवा तसाच, वजन तसंच, आणि आपण म्हणतो, औषधच लागू पडत नाही!

म्हणून एवढं करा. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. सोयावडी, सोयादूध, टोफू दुपारी किंवा रात्री. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. पिठात सोयाबीन नेहमीचंच असेल तर प्रमाण एकसारखं ठेवा. आज भरपूर, उद्या बंद, असं नको. प्रमाण बदललंच, तर डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. गरोदरपणात तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच बदलू नका.

सोयाबीन तेलाचं काय? रिफाइंड तेलात आयसोफ्लेवोन जवळपास नसतातच. फोडणी बिनधास्त द्या.

सोयाबीन ताटात राहू दे, फक्त गोळीपासून लांब. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!