लहान मुलांचा वर्ग
(महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



देवळाच्या इतिहासावर बोलणारे अधिकारी वक्ते या सभेंत पुष्कळ आहेत. चालकांनीं आम्हांस विषयाची मोकळीक दिली, म्हणून ज्या लहान मुलांच्या वर्गांत आमचीं कांहीं वर्षें गेलीं, त्याविषयींच चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिल्या इयत्तेस शिकविणें हें हलकें काम, असा समज आपल्यांत रूढ आहे. आम्हांस तो उलटा वाटतो. मोठ्या मुलास पाठ कळला नाहीं तर तें मान डोलावून वेळ मारून नेतें; सहा वर्षांच्या मुलास ती विद्या अवगत नसते. तें सरळ खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे पाहूं लागतें, आणि शिक्षकाचा निकाल तेथल्या तेथें लागतो. पण काना दिला म्हणजे 'क'चा 'का' होतो हें उमगलें, कीं तेंच मूल भिंतीवरच्या पाटीपासून साबणाच्या वेष्टनापर्यंत जेथें 'का' दिसेल तेथें बोट ठेवीत सुटतें. शिवाय मुठींत धरून ऊन झालेलें बोर भेट म्हणून येतें, आणि आपण तें खाल्लें कीं नाहीं हें देणारा समोर उभा राहून पाहतो.

आमच्या वर्गांतील एका मुलास अंक ओळीनें सांगतां येत नसत. घरीं शेळ्या होत्या. उस्मानाबादी शेळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. काळी, काटक, बहुधा जुळीं करडें देणारी. (जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें, शेळीचें मात्र जुनेंच राहिलें.) शेळीचें वय कसें ओळखावें, असें आम्हीं त्यास एकदां विचारिलें. तो उठून उभा राहिला. "फादर, तोंड उघडून बघायचं. वर पुढचे दात नसत्यातच, खाली बघायचं." मग त्यानें सर्व उलगडून सांगितलें. खालीं पुढें आठ दुधाचे दांत. वर्ष-दीड वर्षानें मधले दोन पडून मोठे येतात, आणि पुढें सुमारें दर वर्षास दोन दोन. दोन, चार, सहा, आठ, कीं तोंड भरलें. वर्ग त्या दिवशीं बेचा पाढा शेळीच्या दांतांवर शिकला, आणि शिकविणारा तो मुलगा होता. आठवड्याभरांत त्यानें बे दाहे वीसपर्यंत मजल मारली. शेळीस इतके दांत नसतात, अशी हरकत एका मुलीनें घेतली. ती आम्हीं मान्य केली.

पाढे घोकण्यास नांवें ठेवण्याची हल्लीं चाल आहे. ती आम्हांस सर्वस्वीं पसंत नाहीं. पाठांतर जन्मभर उपयोगी पडतें. मात्र घोकण्यापूर्वीं दोन म्हणजे कशाचे दोन, हें मुलाच्या हातीं लागलें पाहिजे.

भाषेची गोष्ट याहून नाजूक आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. अशा काळीं, १९२१ सालीं, हिप्परगे येथें राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ हे पुढें तिचे मुख्याध्यापक झाले. मराठी मुलांची ती अडचण आतां उरली नाहीं. तांड्यावरच्या मुलांची आहे. तें मूल आईस 'याडी' म्हणतें; पुस्तकांतील चित्र ओळखीचें, त्याखालचा शब्द अनोळखी. आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीं लिहीत असूं, आणि ज्यास सर्वांनीं मुकें ठरविलें होतें तें मूल बोलूं लागे. इंग्लंडांत जन्मलेले फादर स्टीफन्स येथें येऊन मराठी शिकले व त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें, याचा आपण अभिमान बाळगतों. मग जवळच्या तांड्याचे पन्नास शब्द शिकणें आपणांस जड जाऊं नये.

आतां ज्यासाठीं आम्ही मुख्यतः उभे राहिलों तें सांगतों. दिवाळी झाली कीं या जिल्ह्यांतील अनेक गांवांतून ऊंसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागें परततात. उचल आधींच घेतलेली. नवराबायको मिळून एक कोयता. धाकट्यास सांभाळावयास थोरलें मूल बरोबर. वर्गांतील हजेरी एका आठवड्यांत निम्म्यावर येते. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, परंतु मूल मागें ठेवण्यास आईबापांचा धीर व्हावा लागतो. थकलेली आजी रात्रीं एकटी काय पाहणार? "पोर आमच्या ओसरीवर निजेल, आमच्यांत जेवेल," असें दिवाळीपूर्वीं त्या घरीं जाऊन सांगणारीं दहा कुटुंबें आपल्या धर्मग्रामांत निघतील काय, हें आम्ही आज या सभेस विचारीत आहों. नांवें सभा संपल्यावर आमच्याकडे द्यावीं.

जीं मुलें तरीही जातील, तीं परत आल्यावर "इतके दिवस कोठें होतास?" या प्रश्नानें त्यांचें स्वागत होऊं नये. एका वर्षीं पाडव्यानंतर एक मुलगी अशीच आली. पांच महिने तिच्या हातीं पाटी नव्हती. वर्ग दशक शिकत होता, आणि दहा दहा काड्यांचे गठ्ठे सारखे सुटत होते. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग पुढें येऊन म्हणाली, "मोळी अशी नाही बांधत, आवळून बांधायची." तिनें बांधिलेल्या दहा मोळ्या पुन्हा सुटल्या नाहींत. पुढच्या वर्षीं नव्या मुलांस शंभर म्हणजे किती हें दाखवावयाचें असे, तेव्हां आम्ही त्याच टेबलावर मांडीत असूं.