दोन बिघे आणि एक नट



‘दो बिघा ज़मीन’ या चित्रपटाची जुळवाजुळव चालली होती, तेव्हाची गोष्ट. दिग्दर्शक बिमल रॉय यांच्याकडे भूमिकेसाठी एक गृहस्थ आले. उंच, गोरे, अंगात उंची सूट, बोलण्यात लंडनला राहून आलेल्या माणसाची सफाई. बिमलदांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि आपल्या माणसांची काहीतरी चूक झाली, असं ते बोलून गेले. त्यांना हवा होता एक खेडूत, कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून कलकत्त्याच्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढणारा शंभू महातो. आलेल्या गृहस्थांनी एवढंच सांगितलं, की ‘धरती के लाल’मध्ये मी शेतकरीच झालो होतो. त्या एका चित्रपटाच्या भरवशावर बलराज साहनींना शंभू मिळाला.

बिमलदांची शंका रास्त होती, हे मी आधीच कबूल करतो. त्या सुटाखाली जो माणूस होता, त्याच्यात शंभूचं काहीच नव्हतं. १९१३ साली रावळपिंडीच्या खात्यापित्या व्यापारी घरात जन्म, लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम. ए. पुढे पत्नी दमयंतीबरोबर शांतिनिकेतनात अध्यापन. तिथे रवींद्रनाथांनी त्यांना विचारलं, की तुम्ही पंजाबी, मग हिंदीत का लिहिता? हा प्रश्न त्यांना तेव्हा पटला नाही, पण आयुष्यभर सोडूनही गेला नाही. उत्तरायुष्यात ते निष्ठेनं पंजाबीत लिहू लागले. १९३८ मध्ये ते आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि ‘नई तालीम’च्या कामात राहिले. हातानं काम करत शिकायचं, हा तिथला धडा. तिथून, गांधीजींच्या संमतीनं, थेट लंडनला बीबीसीच्या हिंदी विभागात. महायुद्धाची चार वर्षं त्यांनी तिथे काढली.

सेवाग्राम आणि लंडन! एका माणसात हे दोन्ही मावायला जागा लागते. साहनींमध्ये ती होती, पण तिचा त्रासही होता. डोकं एकीकडे धावायचं आणि शरीर दुसरीकडे अवघडून उभं राहायचं.

१९४४ मध्ये ते परतले. कॉलेजातले मित्र चेतन आनंद यांनी ‘नीचा नगर’साठी मुंबईला बोलावलं. तो चित्रपट लांबत गेला, पण चेतनबरोबर ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेच्या एका बैठकीला गेले असताना ख्वाजा अहमद अब्बास यांनी जाहीर करून टाकलं, की ‘ज़ुबैदा’ नाटक बलराज साहनी बसवतील. त्यांना आधी कोणी विचारलंही नव्हतं. असे ते ‘इप्टा’त ओढले गेले. ही तीच मुंबई, जिथे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक गिरणगाव हलवून सोडत होतं. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर अब्बास यांनी ‘धरती के लाल’ काढला, तो १९४६ मध्ये आला. त्यात दमयंतीही होत्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. पदरी दोन लहान मुलं.

कम्युनिस्ट पक्षाच्या कामापायी साहनींना तुरुंगवासही घडला. ‘हलचल’ चित्रपटात त्यांना काम होतं जेलरचं. कैदेत असलेल्या माणसाला परवानगीनं चित्रीकरणाला आणायचे, तिथे तो जेलरचा गणवेश चढवायचा आणि काम संपलं की पुन्हा कोठडीत जायचा. त्या गणवेशात उभं राहताना मनाचं काय होत असेल, याचा विचार मी फार वेळा केला आहे.

पण मला आज बोलायचं आहे ते त्यांच्या भीतीबद्दल. १९५१ मध्ये त्यांची भूमिका असलेला ‘हम लोग’ आला. त्याच साली आलेल्या ‘बाज़ी’ची पटकथा साहनींचीच होती. गुरुदत्तचं ते पहिलं दिग्दर्शन, आणि चित्रपट चालला. लेखक म्हणून त्यांची वाट मोकळी झाली होती. यांना मात्र नट व्हायचं होतं, आणि कॅमेऱ्यापुढे उभं राहिलं की हातपाय लाकडासारखे व्हायचे. ‘हम लोग’च्या चित्रीकरणात भीतीनं आपली लघवी झाली, हे त्यांनी आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. एवढा शिकलेला, रंगभूमीवर मुरलेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस! आपल्या नटमंडळींच्या आठवणींत टाळ्या पुष्कळ असतात. ही नोंद करायला वेगळीच छाती लागते. आणि ती वाचल्याशिवाय शंभू कळत नाही, असं माझं मत आहे.

कारण शंभूसाठी त्यांनी पहिलं काम केलं ते शरीराचं. मुंबईत जोगेश्वरीला उत्तर प्रदेश-बिहारकडच्या भैया लोकांची म्हशींच्या गोठ्यांची वस्ती होती. तिथे ते जाऊन बसू लागले. ही माणसं खातात कशी, उकिडवी बसतात कशी, डोक्याला गमछा कसा गुंडाळतात, चालताना हात कुठे असतात. मग कलकत्त्याला गेले आणि खरीखुरी रिक्षा ओढायला शिकले.

तरीही जमेना. ऐन रस्त्यावर, चित्रीकरणाच्या धामधुमीत, आपल्याला हे झेपणार नाही अशी खात्री होऊन ते खचून बसले होते. तेवढ्यात एक उतारवयाकडे झुकलेला रिक्षावाला जवळ आला. हे काय चाललंय, म्हणून त्यानं चौकशी केली. साहनींनी त्याला चित्रपटाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याचीही बिहारात दोन बिघे जमीन होती, जमीनदाराकडे गहाण पडलेली. ती सोडवायला तो वर्षानुवर्षं रिक्षा ओढत होता, आणि आता ती सुटेल ही आशा त्यानं सोडली होती. त्या दिवशी अभिनयाची सगळी शास्त्रं आपण बाजूला ठेवली, आता त्या माणसासाठी काम करायचं होतं, असं साहनी सांगतात.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो गाव सोडून गिरणीत लागलेल्या माझ्या मामांच्या शेजारी बसून. मामा पडद्याकडे बोट करून हळूच म्हणाले, “याचे पाय बघ.” मी तोवर चेहराच पाहत होतो. तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा शर्यतीचा प्रसंग पायांकडे लक्ष ठेवून पाहा. पुढे एक रिक्षा, मागे शंभूची. शंभूच्या रिक्षात बसलेला शौकीन पैसे वाढवत जातो आणि शंभू वेग वाढवतो. पळणाऱ्या माणसाला एका क्षणानंतर पैसेही दिसत नाहीत, फक्त पळणं उरतं, ते त्या पायांत आहे. मग चाक निखळतं. हे सगळं कशापायी? पासष्ट रुपयांचं कर्ज कचेरीत दोनशे पस्तीस होऊन बाहेर येतं, आणि त्या एकशे सत्तर रुपयांच्या फरकातून सगळा चित्रपट चालतो. शेवटी शंभूच्या जमिनीवर गिरणी उभी राहते. तो कुंपणापाशी मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. १९५४ मध्ये कानच्या महोत्सवात चित्रपटाचा सन्मान झाला.

पुढची वीस वर्षं मी भराभर ओलांडतो. ‘काबुलीवाला’, ‘वक़्त’मधले लाला केदारनाथ, १९६९ ची पद्मश्री, सोव्हिएत प्रवासाचं पुस्तक. पुष्कळ भूमिका पोटासाठीही केल्या, त्यांत वडीलधारे सज्जन फार. थांबायचं ते ‘गर्म हवा’पाशी.

एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट. इस्मत चुग़ताईंची कथा, कैफ़ी आज़मी आणि शमा ज़ैदी यांची पटकथा. आग्र्याचे सलीम मिर्ज़ा, जोड्यांचा कारखाना चालवणारे. फाळणीनंतर एकेक नातेवाईक निघून जातो आणि हे जागा सोडत नाहीत. त्यांची मुलगी आमिना आत्महत्या करते. बाप खोलीत येतो, पाहतो आणि उभा राहतो. रडत नाही. साहनींची स्वतःची मुलगी शबनम त्याच्या थोड्याच काळ आधी गेली होती. ज्या शरीरावर एकेकाळी त्यांचा ताबा राहत नव्हता, ते शरीर इथे नुसतं उभं आहे, आणि बघणाऱ्याला खुर्चीत बसवत नाही.

अखेरीस मिर्ज़ाही निघतात. टांगा स्टेशनच्या वाटेला लागलेला असतो. रस्त्यात हक्क मागणाऱ्यांचा मोर्चा आडवा येतो. धाकटा मुलगा उडी मारून त्यात शिरतो, आणि म्हातारा बापही टांगा घराकडे परतवून त्याच्यामागे चालू लागतो. त्या शेवटच्या प्रसंगातलं आपलं वाक्य साहनींनी १२ एप्रिल १९७३ रोजी ध्वनिमुद्रित केलं. १३ एप्रिलला हृदयविकारानं ते गेले. चित्रपट सेन्सॉरकडे महिनोन्‌महिने अडकला होता. तो लोकांनी पाहिला, तेव्हा मोर्चात मिसळून जाणारा तो पाठमोरा माणूस या जगात नव्हता.