तीन मांजरं, तीन वाट्या

मांजर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दूध-भाताची बशी येते. जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ घरांत अजूनही एकच बशी मांडतात आणि घरातली सगळी मांजरं तिच्याभोवती बसतात. सर्वांना सारखं! पण सारखं वाढणं म्हणजे न्याय का, हा प्रश्न आमच्या घरात रोज उभा राहतो.

घरात तीन मांजरं आहेत. एक तीन महिन्यांचं पिल्लू, एक नसबंदी केलेला लठ्ठ बोका, आणि एक चौदा वर्षांची म्हातारी. तिची किडनी थकली आहे. पिल्लाला वाढीसाठी भरपूर प्रथिनं हवीत, तीही दिवसातून चार वेळा. बोक्याला मोजून. म्हातारीला फॉस्फरस कमी असलेलं, ओलसर अन्न. पिल्लाचं खाणं म्हातारीच्या किडनीला जड आणि म्हातारीचं पथ्य पिल्लाला अपुरं. बोका तर तिन्ही वाट्या चाटून पुसून ठेवणारा!

दूध-भातावर मात्र कोणाचंच भागत नाही. मांजराला टॉरिन लागतं, आणि ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे १९७५ मध्ये दिसून आलं. हृदयही दुबळं होतं, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही. आणि आपला खानदेशी रस्सा? त्यातल्या कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यांचं मांस वेगळं, बिनमसाल्याचं उकडावं, हाडं काढून टाकावीत.

मग करायचं काय? वेळा ठरवायच्या. म्हातारीला खोलीत घेऊन दार लावायचं. पिल्लासाठी खोक्याला लहान भोक पाडायचं. पिल्लू आत जातं, बोक्याचं पोट अडतं. वीस मिनिटांनी वाट्या उचलायच्या, कारण आपल्या उन्हाळ्यात ओलं अन्न लगेच आंबतं. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या परातीत ठेवायची. बोक्याला बारीक करायचं म्हणून उपाशी मात्र ठेवू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेतू शकतं. पथ्य कोणतं, हे पशुवैद्यांनी तपासूनच ठरवावं.

हदीसमध्ये एका बाईची हकीकत येते. तिनं मांजर कोंडून ठेवलं. खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं भक्ष्य शोधायला मोकळंही सोडलं नाही. त्याबद्दल तिला शिक्षा झाली. मोकळं मांजर उंदीर, पाखरू मारून आपली गरज भागवतं. आपण दार लावलं की ती गरज ओळखणं आपल्यावर येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पथ्य आपण वेगळं शिजवतोच ना? मुक्या जिवाला तर मागताही येत नाही.

आमची म्हातारी सावकाश जेवते. तोवर दाराबाहेर बोका ओरडत असतो. ओरडू द्यावं. तिची वीस मिनिटं तिची आहेत.