पुराव्याचा भार कोणावर?



कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, खेड्यांतून पूर्वी तेलाचे घाणे चालविणारा एक समाज राहत असे. शनिवारी तो घाण्याला बैल जुंपीत नसे, म्हणून शेजारीपाजारी त्याला 'शनवार तेली' म्हणत. हाच बेने इस्राएल समाज होय. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे. घरची भाषा मराठी. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई, आणि 'शेमा' ही प्रार्थना पिढ्यानपिढ्या त्यांच्या मुखी राहिली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि यांपैकी हजारो लोक तिकडे गेले. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक यहुद्याला तेथे येऊन वसण्याचा हक्क दिला. परंतु १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह व घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या हाती सोपविले. नागरिकत्व देणारा हात एक आणि लग्न लावून देणारा हात दुसरा, अशी ही व्यवस्था झाली. राष्ट्राने ज्याला यहुदी म्हणून घरात घेतले, त्यालाच कित्येक धर्मगुरूंनी बोहल्यावर उभे राहू देण्याचे नाकारले.

१९६२ साली मुख्य धर्मपीठाने आज्ञापत्रक काढले. बेने इस्राएल वधू वा वर अन्य यहुद्याशी विवाह करू इच्छील, तर त्याची आई, आजी, आणि शक्य तेथवर मागच्या पिढ्याही यहुदी होत्या काय, पूर्वजांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते काय, याची चौकशी करावी, असे त्यात होते. मी वकिलीचा व्यवसाय करतो. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा आमच्या न्यायालयातील साधा नियम. येथे केवळ एका समाजाचे नाव घेऊन पणजीच्या जन्माचा पुरावा पणतीकडे मागितला गेला! कोकणातील खेड्यात असली कागदपत्रे कोणी जपून ठेवावीत? या सभेत बसलेल्यांना अशा प्रश्नातील दंश समजावून सांगण्याची गरज नाही.

हा समाज स्वस्थ बसला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असून त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत, असे ठरविले. त्याच महिनाअखेर धर्मपीठाने आज्ञापत्रकातून त्यांचे नाव काढले. ज्याच्याविषयी शंका असेल त्या कोणाचीही चौकशी करावी, असे त्याजागी आले. विजय मोठा होता, पण अर्धा होता. नाव गेले, चौकशीचा अधिकार राहिला. इस्राएलमध्ये आजही नागरी विवाह लावण्याची सोय नाही.

आता एक कटू सत्य सांगतो. याच समाजात पूर्वी 'गोरा' आणि 'काळा' असे दोन भेद होते. अन्यधर्मीय स्त्रीची संतती म्हणून ज्यांना काळा इस्राएल ठरविले, त्यांच्याशी गोरे रोटीबेटी व्यवहार करीत नसत. एकाच देवाची प्रार्थना करणाऱ्यांनी एका ताटात जेवू नये! हा भेद विसाव्या शतकात मावळत गेला, हे त्या समाजास भूषणावह आहे. पण आपण ज्या मापाने दुसऱ्याला मोजले, त्याच मापाने परदेशी आपल्याला मोजण्यात आले, हा धडा विसरता येण्यासारखा नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात अवघे ४,६५० यहुदी उरले होते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. ज्यांच्या मातेविषयी शंका घेण्यात आली, त्यांनी मातृभाषा सोडली नाही.

मित्रहो, माणूस कोण आहे हे ठरविताना त्याच्या आजीची चौकशी करणारा कायदा कोणत्याही धर्माचा असो, तो अन्यायकारकच होय. त्याचा अन्याय आपल्यावर येतो तेव्हा सर्वांनाच दिसतो. तो आपल्या हातून होतो तेव्हा दिसला पाहिजे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.