एक बुरशी, अनेक गवते
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणातील भातशेतकऱ्याला किंवा डोंगरउतारावर नाचणी पिकविणाऱ्याला करपा रोगाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पानांवर होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी ठिपके पडतात. पुढे लोंबीची मान काळी पडते आणि दाण्याऐवजी पळिंज हाती येते. परंतु हाच रोग परदेशात क्रीडांगणावरील हिरवळही जाळतो, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९९१ च्या उन्हाळ्यात गोल्फच्या मैदानांवरील रायग्रास नावाचे गवत या रोगाने मोठ्या प्रमाणावर मेले. त्याचे कारण असलेल्या बुरशीचे शास्त्रीय नाव पिरिक्युलारिया. तिचे बीजाणू नासपतीच्या आकाराचे असतात, त्यावरून हे नाव पडले. ओल्या पानावर बीजाणू रुजला की तो एक घुमटाकार अवयव तयार करतो. त्यातील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ८० पट होतो आणि त्या बळावर बुरशी पानाची त्वचा भेदून आत शिरते.

भात, नाचणी, राळा, गहू आणि रायग्रास धरून तृणवर्गातील ५० हून अधिक वनस्पतींवर ही बुरशी आढळते. मग बांधावरच्या प्रत्येक गवतापासून भाताला धोका आहे काय? तसे नाही. २००२ साली शास्त्रज्ञांनी अनुवंशिक तपासणीच्या आधारे दाखवून दिले की, डिजिटारिया वर्गातील गवतावर वाढणारी बुरशी ही भातावरील बुरशीहून वेगळी जाती आहे. भातावरील जातीतही अनेक कुळे असून प्रत्येक कूळ बहुधा आपापल्या यजमानालाच धरून असते. अमेरिकेतील रायग्रासवरील नमुने एकमेकांशी फार मिळतेजुळते निघाले. त्यांचे जवळचे नाते गव्हावरील कुळाशी आढळले, भातावरील कुळाशी नव्हे.

मात्र हे कुंपण अभेद्य नाही. १९८५ साली ब्राझीलच्या पाराना राज्यात गव्हावर करपा प्रथम नोंदला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, रायग्रासवरील बुरशीला अटकाव करणारे एक जनुक गव्हाच्या बहुतेक वाणांत असते. ते नसलेल्या वाणांची तेथे मोठ्या क्षेत्रावर लागवड झाली आणि बुरशीला गव्हावर येण्याची वाट मिळाली. २०११ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात करपा झालेले गव्हाचे एकच रोप सापडले. त्यावरील बुरशी तेथील रायग्रासवरील कुळातलीच होती.

२०१६ साली हा गव्हाचा करपा बांगला देशात पोहोचला आणि सुमारे १५,००० हेक्टर गव्हाला त्याची झळ लागली. ती बुरशी दक्षिण अमेरिकेतील कुळातील असल्याचे निष्पन्न झाले. आपल्या सरहद्दीला लागूनच हे घडल्यामुळे पश्चिम बंगालमधील सीमावर्ती भागात गव्हाची पेरणी काही काळ थांबवावी लागली.

यातून आपण तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, साऱ्या गावाने एकाच वाणावर विसंबू नये. रोगप्रतिकारक वाण काही वर्षांनी रोगाला बळी पडू लागतो. वाण तोच असतो, बुरशी बदललेली असते. दुसरी, बियाणे खात्रीचे घ्यावे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी बुडवावे, तरंगणारे पोकळ बी काढून टाकावे, उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे व मगच शिफारशीप्रमाणे बुरशीनाशक चोळावे. तिसरी, नत्रखत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. नत्राच्या अतिरेकाने लुसलुशीत झालेले पीक करप्याला लवकर बळी पडते.

गव्हाची कणसे मानेपासून वर अकाली पांढरी पडलेली दिसली, तर ती उपटून शेजारच्या शेतातून नेऊ नयेत. कृषी सहायकास जागेवर बोलवावे. अशी लक्षणे अन्य कारणांनीही उद्भवतात. निदान प्रयोगशाळेतच होऊ शकते. परंतु वेळेवर दिलेली एक खबर साऱ्या तालुक्याचे पीक वाचवू शकेल. ही जबाबदारी शासनाइतकीच आपणा सर्वांची आहे.