दप्तरात न उमटलेली माणसे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर शाळेच्या हजेरीपटाला प्रतिष्ठा दिली. म्हणून सुरत जिल्ह्याचा इतिहास आज मी एकाच प्रश्नाच्या आधारे मांडणार आहे. राज्यकर्त्यांच्या दप्तरात कोणाचे नाव लिहिले गेले आणि कोणाचे राहून गेले?

सुरत म्हटले की आपणास १६६४ आणि १६७० या सालांतील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु या मुलखाशी आपला संबंध तेवढाच नाही. आपले कडोदरा ज्या पलसाणा तालुक्यात येते, तो तालुका बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होता. प्रांतावर सुभा आणि तालुक्यावर वहिवाटदार, अशी तेथील व्यवस्था. शेजारची बारडोली मात्र इंग्रजी अमलात, कलेक्टर-मामलतदारांच्या हाती. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली हा भाग गुजरातेत आला.

राज्ये दोन असली तरी दोन्ही दप्तरांचा कणा एकच होता, तो म्हणजे शेतसारा. ज्याचे खाते, त्याचे नाव. १९२८ साली बारडोलीत सुमारे २२ टक्के सारावाढ झाली, तेव्हा वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरण्यास नकार दिला. चौकशीअंती ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. हा विजय थोरच होता. पण तो खातेदारांचा होता. त्यांच्याच शेतात राबणारा दुबळा, म्हणजे आजचा हळपती, खातेदार नव्हता. लग्नासाठी धन्याकडून पैसे घ्यावेत आणि ते फेडताना 'हाली' म्हणून आयुष्य सरावे, पत्नीने धन्याच्या घरी राबावे, अशी ही रूढी. वेठबिगारी नष्ट करणाऱ्या १९७६ च्या कायद्यात 'हाली' हे नाव नोंदवले गेले. या माणसाचा कायद्यात उल्लेख झाला तो त्याच्या बंधनाच्या नावाने!

काकरापार आणि उकाई येथील धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, बारडोली व चलथाण येथे साखर कारखाने उभे राहिले. तोडणीला डांगातून आणि आपल्या खानदेशातून माणसे येऊ लागली. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. तोडणीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. येथे माणसाची गणतीही त्याच्या हत्याराने होते. हालीचे कर्ज लग्नाचे होते, यांचे पावसाळ्यातील पोटाचे. फरक आहे, पण फार मोठा आहे असे मला म्हणवत नाही.

या इतिहासात एक उजळ पान आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्ती करायची तर आधी मुले मोजावी लागतात, बापाच्या नावे जमीन असो वा नसो. साऱ्याच्या दप्तराने ज्याला वगळले, त्याला शाळेच्या दप्तरात जागा मिळू शकते, हा त्यातला अर्थ.

ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाळेचे वर्षही नेमके तेव्हाच भरात असते. त्यामुळे पालावरच्या मुलाचे नाव गावी पटावर असते आणि मूल येथे फडात असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाला वयानुरूप वर्गात बसण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार मागण्यासाठी ते आपल्या दारी येणार नाही. आपणच पालापर्यंत गेले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या हंगामात जवळच्या पडावावर जा, मुलांची नावे विचारा आणि ती लिहून शाळेत आणा. गुरुजींचे स्मारक दगडाचे नसावे. ते हजेरीपटावरच्या नव्या ओळींचे असावे.